वसंताच्या आणि माझ्या गोळ्या

"तुमच्या लिव्हरला विष चढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी हसलो.

मी म्हटलं, "बाई, मला विष कोण घालील? बायकोला अजून पोरीच्या लग्नात माझ्याकडून खुर्च्या उचलून घ्यायच्यात."

त्या हसल्या नाय. बायको पण हसली नाय. तेव्हा मला कळलं का काम बिघडलंय, कारण माझ्या फालतू विनोदाला नर्स तरी हसते.

पेणच्या एका खाजगी दवाखान्यात गुरुवारी सकाळी हे झालं. बाईंच्या हातात रक्ताचा कागद होता. एसजीपीटी म्हणून एक तपासणी असते. लिव्हरच्या पेशींच्या आत जे असतं, ते पेशी फुटल्यावर रक्तात सांडतं, ते हे लोक मोजतात. माणसाचं चाळीस-पन्नासच्या आत पाहिजे. माझं हजारांत गेलेलं. शाळेत गेलो तेवढे दिवस कधी दहाच्या वर मार्क नाय पडले, इथे एकदम हजारांत.

"गेल्या चार दिवसांत कुठल्या कुठल्या गोळ्या घेतल्यात?"

मी म्हटलं, "पांढरी मोठी, नारिंगी आणि पिवळी."

मला वाचता येत नाय. हे पण मी बोलतोय आणि पोरगी लिहून घेतेय. गोळ्या मी रंगावरून ओळखायचो. पांढरी तापावर, नारिंगी अंगदुखीवर, पिवळी सर्दीवर. बायकोने घरून फरसाणाची बरणी आणली होती, तिच्यात माझा सगळा औषधांचा साठा. बाईंनी एकेक पाकीट गादीवर मांडलं.

"हे पॅरासिटामॉल. ह्याच्यात दुखण्याचं औषध आणि पॅरासिटामॉल. ह्याच्यात सर्दीचं औषध आणि पॅरासिटामॉल. तुम्ही तीन औषधं नाय घेतलीत, एकच औषध तिप्पट घेतलंत."

मग त्यांनी बरणीचं झाकण लावलं, बायकोला कागद करायला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कुणी घेतल्यात का ह्या गोळ्या?"

मी म्हटलं, "नाय."

हे एक नाय मी बोललो, ते सांगायला आज बसलोय. बाकीचं आजारपण तुम्हाला कुणी पण डॉक्टर सांगील.

माझं नाव गजानन. पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात साच्यात प्लॅस्टरचा माल ओतायचं काम करतो, वीस वर्षं झाली. मूर्तीचे डोळे आखायला कलाकार लागतो. ओतायला माझ्यासारखा गाढव चालतो. पण त्या कारखान्यात माझं नाव डॉक्टर. कुणाचं डोकं दुखलं, कुणाचा हात भरून आला का माझ्या बरणीकडे यायचे. मला पण बरं वाटायचं. ज्याला अंगठा सोडून काय उठवता येत नाय त्याला लोक डॉक्टर म्हणतात, म्हंजे काय कमी झालं?

त्या वर्षी सीझनला वसंता आला. वसंता म्हंजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, रोह्याचा. तिकडे एका केमिकल कंपनीत हेल्पर होता. चार वर्षं टेंपरवारी, आणि पुढच्या महिन्यात परमनंट होणार असं साहेबाने सांगितलेलं. कंपनीत त्याने कंबर दुखते म्हणून डॉक्टरचा दाखला दिला, सिक लिव्ह टाकली, आणि आमच्याकडे मूर्त्या घासायला आला. कंबर दुखणारा माणूस दिवसभर उकिडवा बसून पॉलिश पेपर मारायचा. कुणाला कळलं असतं तर परमनंट सोडा, गेटच्या आत घेतला नसता.

"भावजी, मी इथे नाय बरं का," तो मला रोज सांगायचा. "कुणी विचारलं तर वसंता रोह्याला खाटेवर पडलाय."

मी म्हणायचो, "मग हे घासतंय ते कोण, तुझं भूत?"

तेव्हा आम्ही दोघं पण हसायचो.

आम्ही दोघं पिणारे. रोज. श्रावण लागला तेव्हा बायको म्हणाली का एक महिना तरी तोंड बंद ठेवा. मी वसंताला म्हटलं, तू बंद केलीस तर मी करतो. तो म्हणाला, नुसती दारू सोडून काय, धरणं-पारणं करूया. म्हंजे एक दिवस कडक उपास, एक दिवस जेवायचं. आमच्या बाजूला बायका करतात. आम्ही पैज लावून केलं. जो आधी खाईल त्याने गणपतीला फुगडी घालायची.

आठवडाभर जमलं. माझी छाती एवढी फुगली का शर्टाची बटणं लागेनात. मग कारखान्यात तापाची साथ आली. पहिला मी पडलो, दुसऱ्या दिवशी वसंता. सीझनला पडून चालत नाय. माल भिजवला का ओतायलाच लागतो, तो थांबत नाय. मी तिन्ही रंगाच्या एकेक गोळ्या घेतल्या, वर काळा चहा. दोन-तीन तासांनी ताप डोकं वर काढायचा का परत तीन. उपासाच्या दिवशी पण. औषधाने उपास मोडत नाय, हे मीच सांगितलं. आणि वसंताच्या हातावर मीच ठेवल्या. त्याचं अंग जास्त ठणकायचं म्हणून त्याला नारिंगी दोन-दोन.

"डॉक्टर, फी किती?" तो विचारायचा.

"फुगडी," मी म्हणायचो.

बुधवारी आम्हाला दोघांना उलट्या सुरू झाल्या. पोटात उजव्या बाजूला बरगडीखाली कुणी फळी टेकवून उभं राहिल्यासारखं दुखत होतं. वसंता म्हणाला, घरी जाऊन झोपतो. दुपारच्या गाडीने रोह्याला गेला. गुरुवारी सकाळी माझी लघवी चहासारखी झाली, आणि बायकोने रिक्षा बोलावून मला पेणला आणला.

म्हंजे बाईंनी मला विचारलं तेव्हा वसंता रोह्याला खाटेवर पडलेला. एकदम त्याने कंपनीला सांगितला होता तसा.

मी नाय म्हटलं ते का? मला वाटलं बाई नाव लिहून घेतील. ते कागदावर जाईल. कुणीतरी विचारील जोह्याला काय करत होता. मग त्याची नोकरी जाईल आणि बायको म्हणेल, तुमच्या डॉक्टरकीमुळे माझ्या भावाची भाकर गेली. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. बाईंनी गोळ्या मांडल्यावर मला लाज वाटली. स्वतः मूर्ख आहे ते सांगणं मला सोपं जातं, आयुष्यभर तोच धंदा केला. माझा मूर्खपणा मी दुसऱ्याला पण वाटून दिला, हे सांगायला तोंड उघडेना.

दुपारी मला सलाईन लावलं. त्यात जे औषध असतं त्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन. पेणला दोनच बाटल्या होत्या, बाकीच्या आमच्या कारखान्याच्या शेठने माणूस पाठवून पनवेलवरून आणल्या. ते चढायला लागलं का अंग खाजायचं आणि कानशिलं तापायची. नर्स म्हणाली, सांगा हं काय होतं ते. मी म्हटलं, लग्नाच्या दिवशी झालं होतं तसंच होतंय. ती हसली. मला बरं वाटलं, का मी अजून मी हाय.

शुक्रवारी सकाळी बाई राउंडला आल्या तेव्हा त्यांनी मला समजावलं. मी विचारलंच होतं का एवढीशी गोळी, दुकानात पोराटोरांना देतात, तिने लिव्हर कसं जाईल.

त्या म्हणाल्या, "पॅरासिटामॉल लिव्हरमध्ये गेलं का त्यातल्या थोड्याचं विष बनतं. रोज बनतं, सगळ्यांच्यात बनतं. पण लिव्हरच्या पेशीत ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य असतं. ते त्या विषाला धरतं आणि बाहेर काढतं. स्वतः खर्च होतं. ते आहे तोवर पेशीला काही होत नाय. ते संपलं का विष सरळ पेशीलाच चिकटतं आणि पेशी मरते."

मी म्हटलं, "म्हंजे साच्याचं तेल."

त्यांना कळलं नाय. मी सांगितलं का आमच्याकडे माल ओतायच्या आधी साच्याला आतून तेलाचा हात मारतात. तेल असलं का मूर्ती अलगद सुटते. दर मूर्तीबरोबर थोडं तेल जातं, परत लावायचं. घाईत एखादा तसाच ओततो. मग माल साच्याला धरतो आणि ओढायला गेलं का साचाच फाटून येतो.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "आणि आता सलाईनमधून देतोय ना, त्याच्यापासून शरीर परत ग्लुटाथायोन बनवतं. तुमच्या साच्याला तेल लावतोय आम्ही. फक्त वेळेत लावायला लागतं."

मग त्यांनी दारूचं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं का श्रावण लागल्यापासून थेंब नाय आणि वर धरणं-पारणं. मला वाटलं शाबासकी मिळेल.

त्या खुर्ची ओढून बसल्या. "रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये हे ग्लुटाथायोन मुळातच कमी असतं. ते अन्नातून बनतं, म्हंजे उपासाने आणखी कमी. आणि पिण्यामुळे लिव्हरमधलं विष बनवणारं यंत्र जोरात चालायची सवय लागलेली असते, ते दारू सोडल्यावर लगेच मंद होत नाय. दारू सोडलीत ते चांगलंच केलंत. पण त्याच आठवड्यात उपाशी पोटी एवढ्या गोळ्या घेतल्यात. तेल संपलेलं होतं."

जन्मात एकदा देवाधर्माचं केलं, ते पण असं.

बाई गेल्या आणि मी सलाईनच्या थेंबाकडे बघत पडलो. आता मला सगळं कळलेलं. वसंताने पण रोज प्यायलेली. त्याने पण त्याच दिवशी सोडलेली. उपास तोच. गोळ्या त्याच बरणीतल्या, नारिंगी दुप्पट. त्याच्या साच्यात पण तेल नव्हतं, आणि त्याला बाटली लावलेली नव्हती. हे सगळं मला शुक्रवारी सकाळी माहीत होतं. बेलचं बटण हाताच्या खाली होतं.

मी शुक्रवारचा अख्खा दिवस बोललो नाय. मी स्वतःला सांगत होतो का तो तरणा हाय, अठ्ठावीसचा, त्याला एका दिवसाने कमी लागला ताप. बरा झाला असेल. उगाच नोकरी कशाला घालवा. त्या दिवशी मी वॉर्डातल्या सगळ्यांना हसवलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हर्नियाचं ऑपरेशन झालेला, तो म्हणाला, "बाबा, गप बस, टाके तुटतील." मी गप बसलो नाय. गप बसलो का रोहा दिसायचं.

शनिवारी सकाळी बायको पेज घेऊन आली. म्हणाली, "वसंताला कावीळ झालीय. काल गावठी औषध देणाऱ्याकडे नेला होता. त्याने नाकात रस सोडला आणि मुळ्यांची माळ घातलीय. आता नुसता झोपतोय, हाक मारली तरी नीट बोलत नाय, म्हणाली सुनंदा."

सुनंदा म्हंजे वसंताची बायको.

मी बटण दाबलं. नर्स आली, तिला म्हटलं, बाईंना बोलवा. बाई आल्या. मी म्हटलं, "बाई, माझ्या मेव्हण्याने पण घेतल्यात. माझ्याएवढ्याच. जास्तच."

"कधी?"

"माझ्याबरोबरच."

"आता कसा आहे?"

"झोप येतेय त्याला."

एवढं ऐकलं आणि बाई उठल्या. लिव्हर बंद पडायला लागलं का रक्तातली घाण डोक्यात जाते, माणसाला गुंगी येते, बडबडतो, ते मला नंतर कळलं. त्यांनी बायकोला फक्त एवढंच सांगितलं, "आत्ता फोन करा. जी गाडी मिळेल तिच्यात घालून आणा."

माझ्याकडे त्यांनी बघितलं, पण मी परवा काय सांगितलं होतं ते काढलं नाय. काढलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी जीपमधून आणला. त्याला वॉर्डावरून पुढे नेताना स्ट्रेचर माझ्या खाटेशी क्षणभर थांबलं, दार उघडायचं होतं म्हणून. हळदीसारखा पिवळा. गळ्यात ती माळ. कावीळ उतरली का माळ लांब होत पोटावर येते म्हणतात. ती गळ्यालाच होती. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शिफ्ट सुटली का?"

मी म्हटलं, "सुटली. झोप तू."

त्याची पीटी-आयएनआर वाढलेली. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची ती तपासणी. लिव्हर रक्त गोठवायचं सामान बनवतं, ते बनायचं थांबलं का हा आकडा चढतो. बाईंनी तेच सलाईन चालू केलं आणि ॲम्बुलन्सने मुंबईला पाठवला. तिसऱ्या दिवशी तो गेला. मला दोन दिवसांनी सांगितलं, माझं एसजीपीटी उतरायला लागल्यावर. मला बरं वाटू लागलं तेव्हा सांगायचं असं घरच्यांनी ठरवलेलं. म्हंजे त्यांचं रडून झालं होतं आणि मी नर्सला विनोद सांगत होतो.

दोन आठवड्यांनी मी घरी आलो. लिव्हरची गंमत अशी का ते परत वाढतं. महिन्या-दोन महिन्यांत माझे सगळे आकडे सरळ झाले. बाई म्हणाल्या, तुमचं लिव्हर आता नव्यासारखं आहे, पुन्हा पिऊन खराब करू नका. मी करत नाय. पुण्य नाय ते काय. ग्लास उचलला का कानात शिफ्ट सुटली का ऐकू येतं. माल ओतताना येतं. जेवताना येतं. कुणी खरंच कंपनीतनं सुटून रस्त्याने जातो आणि तेच बोलतो, तर मी वळून बघतो.

एकदा तपासणीला गेलो तेव्हा बाईंना विचारलं, "मी गुरुवारी सांगितलं असतं तर?"

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गुरुवारी सुरू केलं असतं तर शक्यता जास्त होती. वाचलाच असता असं मी सांगू शकत नाय. वाचला नसता असं पण नाय सांगू शकत."

तीन वर्षं मी हे बायकोला सांगितलं नाय. तिला वाटायचं का मला शनिवारीच सुचलं. ती मला जेवायला वाढायची, पथ्य सांभाळायची, आणि मी आपला बकाबका खायचो. कंपनीत वसंताच्या जागी दुसरा कुणीतरी लागला. ज्या नोकरीसाठी मी तोंड बंद ठेवलं ती अजून चालू हाय, फक्त तो नाय.

गेल्या श्रावणात एका दुपारी ती ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. मी समोर बसलो. म्हटलं, "अगो, डॉक्टरीणबाईंनी मला गुरुवारीच विचारलं होतं. आणखी कुणी घेतल्यात का म्हणून. मी नाय म्हटलं."

ती खडे काढत राहिली. मला वाटलं आता सूप अंगावर येईल. यायला पाहिजे होतं.

मग ती म्हणाली, "मला पण विचारलं होतं."

"कुणी?"

"बाईंनीच. बाहेर, सही घेतली तेव्हा. मी डबा घेऊन यायची कारखान्यात, तुम्ही त्याच्या हातावर गोळ्या ठेवताना मी रोज बघायची. मी पण नाय म्हटलं. म्हटलं पोराची नोकरी जाईल."

"मग तीन वर्षं बोलली का नाय?"

"तुम्ही कुठे बोललात?"

एकाच दिवशी, एकाच बाईला, दोघांनी एकच उत्तर दिलेलं. आणि एका घरात राहून दोघांना वाटत होतं का आपणच एकटे.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. गोळीचा रंग बघू नका. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा का ह्यात आणि ह्यात एकच औषध आहे का. पीत असाल, उपास असेल, पोटात अन्न नसेल, तर साधी तापाची गोळी पण विचारल्याशिवाय घेऊ नका. डोळे पिवळे झाले तर माळ घालून बसू नका. आणि डॉक्टरने विचारलं का आणखी कुणी, तर सांगा. नोकरी, इज्जत, नातं, सगळं नंतर बघता येतं. डॉक्टर कंपनीत जाऊन सांगत नाय. त्या बाईंचे माझ्यावर उपकार हायत, पण त्यांनी मला वाचवलं ते मी नीट वापरलं असं म्हणायला तोंड नाय.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं रोह्याला गेलो, सुनंदाला सांगायला. ती अंगणात वाल सोलत होती. बायकोने आधी सांगितलं, मग मी.

सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हंजे जगला पण असता."

मी म्हटलं, "व्हय. असता पण."

ती उठून आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाय. बायकोने पिशवी उचलली होती. तेवढ्यात ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली, घरातली सगळी औषधं होती त्यात. ती माझ्यासमोर फरशीवर ओतली.

"ह्यात कुठली ती, दाखवा."

पोरीने मला एक शब्द वाचायला शिकवलाय. इंग्रजीतला. पीवरून सुरू होतो, लांबलचक हाय, मला तेवढाच एक येतो. मी एकेक पाकीट डोळ्याजवळ धरून बघत गेलो. वेळ लागला. सातांतल्या चारांवर तो होता. ती चार मी बाजूला काढली.

सुनंदाने त्यांना रबर लावलं आणि वेगळी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, तुम्ही आलात ते बरं झालं असं मी म्हणणार नाय."

"नको म्हणू."

"पण आलात," ती म्हणाली, आणि वाल सोलायला बसली. बायको तिच्या बाजूला बसली. थोड्या वेळाने मी पण बसलो.